टोच्या कोण आहे, हे कोणालाच माहीत नाही

व्यंगचित्र काढणाऱ्याच्या घरी चित्रं साठत नाहीत राजेहो, चित्र छापून आल्यावर जे घडतं ते साठतं. चित्र काढायला मला अर्धा तास लागतो आणि त्यानंतरचा धक्का पचवायला आठवडा. नऊ वर्षांत इतके धक्के खाल्लेत की आता सकाळी पेपर उघडताना एक हात आपोआप छातीवर जातो. हसू नका, खरं सांगतोय!

आधी ओळख करून देतो. मी देऊळगाव राजाच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. बुलढाण्याहून एक छोटं दैनिक निघतं. त्याच्या पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात रोज एक व्यंगचित्र येतं आणि खाली सही असते 'टोच्या'. तो टोच्या म्हणजे मी. हे माहीत असणारी माणसं अख्ख्या जगात चार. माझी बायको सुनंदा, माझे वडील अण्णा, पेपरचे संपादक वामनराव आणि पानं लावणारा ऑपरेटर गजू.

एवढं लपवायचं काय, असं तुम्ही म्हणाल. तर आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आहेत आबासाहेब. तालुक्यातलं मोठं प्रस्थ. आणि टोच्याचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईकही तेच! संस्थेची दुसरी शाळा आहे सोनाळ्याला. गाव चांगलं, माणसं चांगली, तक्रार काही नाही. फक्त देऊळगाव राजा जिल्ह्याच्या या टोकाला आणि सोनाळा पार त्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. आबासाहेब कोणावर रागावले की ऑर्डर निघते, ती थेट सोनाळ्याची.

आणि आमच्या अण्णांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिसला जालन्याला न्यावं लागतं. आमची शाळा सकाळची. सुटली की दीडची एसटी धरायची, तीनला अण्णा मशीनवर. देऊळगावातून हे जमतं. सोनाळ्यातून कसं जमवणार, सांगा? म्हणून टोच्या कोण, हे कोणाला कळता कामा नये.

चित्र झालं की मी मोबाइलवर फोटो काढून गजूला पाठवतो आणि कागद सुनंदाकडे देतो. ती दुसऱ्या दिवशी सकाळी तो बंबात घालते. जिल्ह्यातले यच्चयावत पुढारी आमच्या अंघोळीच्या पाण्याखाली जळलेले आहेत.

"सोडून द्या ना हो हे," सुनंदा दर महिन्याला म्हणते. मी म्हणतो, "दिवसभर पोरांना केळं, आंबा, फुलदाणी शिकवतो. अर्धा तास तरी खरं काढू दे." दुसऱ्या दिवशी ती बंबात जरा जोरात कागद कोंबते, एवढंच.

* * *

पहिला धक्का खुद्द वामनरावांनी दिला.

पहिलं चित्र घेऊन मी रविवारी स्वतः बुलढाण्याला गेलो होतो. पेपरचं ऑफिस वरच्या मजल्यावर, खाली एका डॉक्टरचा दवाखाना. चित्र होतं सरकारी कचेरीचं. चार संध्याकाळी घासल्या होत्या मी त्यावर! तेवीस माणसं, खुर्चीत साहेब, गळणारं छत, दारापर्यंत रांग, रांगेत दलाल. आणि प्रत्येकाच्या अंगावर लेबल. 'जनता', 'महागाई', 'आश्वासन', 'लाल फीत'. साहेबाच्या छत्रीवरसुद्धा मी 'धोरण' असं लिहिलं होतं. काही राहायला नको!

वामनराव म्हणजे किडकिडीत माणूस, चष्मा कायम कपाळावर. चित्र पाहिलं आणि जिन्यातून खाली हाक मारली, "ओ पांडुरंग, वर या बरं जरा!"

पांडुरंग म्हणजे खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर. आला. मला तो जाहिरातवाला समजला, अजूनही तसंच समजतो. वामनरावांनी चित्र त्याच्या हातात दिलं. "काय दिसते सांगा."

त्याने वरून खाली पाहिलं, मग खालून वर. आणि म्हणाला, "साहेब, हे वाचाले किती टाइम लागन? खाली पेशंट बसून हायेत."

वामनरावांनी कात्री उचलली. मला वाटलं, पाकीट फोडताहेत. कसलं काय! कच, कच, कच! माझ्या डोळ्यांदेखत माझं चित्र कापलं त्या माणसाने!  कापून काढला काय, तर खालच्या कोपऱ्यातला काडेपेटीएवढा तुकडा. तिथे जागा रिकामी राहिली होती म्हणून मी एक बकरी काढली होती. दारात उभी राहून फाइल खाणारी.

"हे छापतो," वामनराव म्हणाले.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं घरी घेऊन जा. तुले काय म्हणाचं हाय ते या बकरीले समजलं. तुले नाही समजलं."

परतीच्या गाडीत मी रागाने नुसता फणफणत होतो. पुन्हा तोंड पाहणार नाही म्हटलं या माणसाचं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गेलो तर मुख्याध्यापकांच्या हातात पेपर, भोवती सात-आठ जण, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. "काय बकरी काढली राव!" तेवीस माणसं कुठे गेली, हे कोणीच विचारलं नाही.

तेव्हापासून नियम ठरला. गजू चित्र स्क्रीनवर लावतो आणि पांडुरंगला वर बोलावतो. "हे काय हाय?" असं पांडुरंगने विचारलं की चित्र बाद. नऊ वर्षांत तो एकदाही हसलेला नाही. तो "हं" म्हणाला की आम्ही समजतो, जिल्हा हसणार.

* * *

एका उन्हाळ्यात मी पाण्याची टाकी काढली. भली मोठी टाकी, तिच्यावर उद्घाटनाची पाटी, आणि टाकीच्या सावलीत रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बायका. बस. टाकीचा उपयोग तेवढाच, सावलीपुरता. गावाचं नाव नाही, तालुक्याचं नाव नाही. गाव माझ्या डोक्यातलं होतं.

सकाळी नऊला वामनरावांना पहिला फोन. "आमच्या गावची बदनामी काऊन केली तुमी?"

दुपारपर्यंत चार तालुक्यांतल्या चार सरपंचांचे फोन आले! प्रत्येकाची खात्री, टाकी आपलीच. एकाने तर पुढची पायरी गाठली. "लाइनीत तिसरी बसेल हाय ते माही चुलती हाय. मी चेहरा वयखला. तिले इचारलं होतं का तुमी?"

अरे बाप्पा! तिसऱ्या बाईचा चेहरा मी पदराआड लपवला होता. काढलाच नव्हता!

संध्याकाळी पाचवा फोन आला तेव्हा वामनराव कंटाळलेले. समोरच्याने गावाचं नाव सांगितलं तसे लगेच म्हणाले, "ऐका सरपंचसाहेब, ते तुमचं गाव नाही. शपथेवर सांगतो."

सरपंच उसळले.

"तेच इचाराले फोन केला ना भाऊ! आमचं काऊन नाही? त्या फोटोतल्या टाकीले निदान शिडी तरी हाय. आमच्या टाकीले शिडी बी नाही!"

* * *

एका नगरपालिकेच्या सभेत एक नगरसेविका चक्क घोरत होत्या. मी काढल्या. समोर बजेट, शेजारी माइक, बाई गाढ झोपेत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. आवाज चढलेला. "हे काय काढलं तुमच्या त्या टोच्यानं? डोळे फुटलेत का त्याचे?"

वामनराव सावरून बसले. "ताई, सभेत तुम्ही झोपल्या होत्या असं..."

"झोपले होते ते झोपले होते, ते कोण नाही म्हणतं? पण पदर उजव्या खांद्यावर घेतलाय माझा! मी काय गुजरातीण हाये का?"

वामनरावांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी रात्रीच्या जेवणाला बसलो होतो, फोन स्पीकरवर. घास तसाच हातात राहिला. सुनंदाने मात्र पेपर उचलला, चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. इतकी वर्षं मी समोर वावरते, पदर कुठला ते दिसलं नाही होय तुम्हाला?"

* * *

गजूचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही.

जिल्ह्यात दोन पुढारी होते, एकमेकांचे पक्के वैरी. एक शेवग्याच्या शेंगेसारखे बारीक, दुसरे चांगले भरलेले. बारीक भाऊंनी एकाच पुलाचं तिसऱ्यांदा उद्घाटन केलं. मी काढलं. फीत कापताहेत, आणि आधी कापलेल्या दोन फिती पायात गुंतल्यात. पांडुरंग "हं" म्हणाला. मी निवांत झोपलो.

सकाळी पेपर उघडला आणि हबकलोच! चित्रात बारीक भाऊ नव्हतेच. चांगला गलेलठ्ठ माणूस फीत कापत होता. हुबेहूब दुसरे भाऊ! मी माझ्याच सहीकडे पाहत राहिलो. हे मी काढलं?

झालं असं होतं की ऐन वेळी एक जाहिरात रद्द झाली. पानावर जागा उरली. गजूने माझं चित्र दोन्ही बाजूंनी धरलं आणि आडवं ओढलं.

नऊ वाजता जाड्या भाऊंचे तीसेक कार्यकर्ते ऑफिसवर. घोषणा चालू. "आमच्या साहेबांनी पुलाचं उद्घाटन केलंच नाही! माफी मागा!"

वामनराव म्हणाले, "अहो, ते तुमचे साहेब नाहीत. ते दुसरे आहेत."

"आमाले काय आमचे साहेब वयखू येत नाहीत?"

शेवटी गजूने मूळ चित्र मोबाइलवर दाखवलं. कार्यकर्त्यांनी पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि असे हसत सुटले की दोघं जिन्यातच बसले. जाताना मूळ चित्राचे प्रिंट काढून घेऊन गेले.

इथे संपलं असतं तर मी म्हणालो असतो ठीक आहे. पण दुपारी बारीक भाऊंचे कार्यकर्ते आले! मी स्टाफरूमच्या मागे उभा राहून फोनवर ऐकतोय, घाम फुटलाय, वाटतंय आता टोच्याचं नाव मागणार हे लोक. पण त्यांचं वेगळंच. "पुलाचं उद्घाटन केलं आमच्या भाऊनं, तीन-तीन डाव केलं, अन् पेपरात क्रेडिट त्याले? हे चालणार नाही!"

मी गजूला विचारलं, "अबे, तू चित्र ओढलंस कशाला?"

तो म्हणाला, "सर, दीड इंच जागा सुटून राह्यली होती. अन् भाऊ लय बारीक दिसत होते. म्हटलं, होऊ द्या थोडे बरे."

* * *

पण सरकारी कागदाचा धक्का काही औरच असतो.

मी एक रस्ता काढला होता. खड्ड्याच्या काठावर एक गृहस्थ गळ टाकून मासे धरत बसलेत. हाही रस्ता माझ्या मनातला. तिसऱ्या दिवशी रस्त्यांच्या खात्यातून पत्र आलं. जावक क्रमांक, शिक्का, सही, सगळं रीतसर. मला ते पाठ आहे. "आपल्या दैनिकात प्रसिद्ध झालेल्या चित्रात सदर रस्त्यावर एकूण सतरा खड्डे दर्शविण्यात आलेले आहेत. तथापि प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता अकरा खड्डे आढळून आले. सबब उर्वरित सहा खड्ड्यांबाबत आपण खुलासा प्रसिद्ध करावा."

 एक तर मी खड्डे मोजून काढलेच नव्हते. पेपर काढला बाहेर, मोजले. बरोब्बर सतरा! दुसरं म्हणजे, सदर रस्ता म्हणजे कुठला हो? कोणी जाऊन पाहणी केली, कुठे केली? टेप घेऊन माणसं पाठवली म्हणे! आपल्या मनानेच रस्ता ठरवला आणि आपल्या मनानेच अकरा कबूल केले!

वामनरावांचा फोन आला. "आज तुले सुट्टी."

"का हो? चित्र तयार आहे माझं."

"राहू दे. यापेक्षा चांगलं तुले जमणार नाही."

आणि त्यांनी ते पत्र शब्दन् शब्द डाव्या कोपऱ्यात, माझ्या जागेवर छापलं. वर चौकट तीच, शीर्षक नाही, काही नाही. आठवड्याच्या आत कुठल्याशा रस्त्यावरचे अकरा खड्डे बुजले. उरलेले सहा माझ्या चित्रात आहेत अजून.

* * *

आता अण्णांचं ऐका.

एका मंगळवारी मला परीक्षेचं काम लागलं, म्हणून सुनंदा अण्णांना घेऊन जालन्याच्या गाडीत बसली. पुढच्या सीटवर दोघं-तिघं पेपर वाचत होते आणि टोच्याचं चित्र पाहून खो-खो हसत होते. आबासाहेबांचंच होतं त्या दिवशी. अण्णांच्या मनात काय आलं देव जाणे. त्यांना वाटलं, आपण गप्प बसलो तर संशय येईल! खणखणीत आवाजात सुरू झाले.

"कोण हाये हा टोच्या? हात मोडले पाहिजेत मेल्याचे!"

सगळी गाडी वळून पाहायला लागली.

"काहून हो बाबा? तुमचं काय घोडं मारलं त्यानं?"

"मोठ्या माणसांची टिंगल करतो! वळण लावलं का नाही याला कोणी? याच्या बापाला धरून आणा आधी!"

सुनंदाने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. एक पहिलवानासारखा गडी उठून उभा राहिला. "बाबा, म्हातारे म्हणून सोडतो. टोच्याला शिव्या द्यायच्या असतील तर खाली उतरून द्या!" कंडक्टर मध्ये पडला, तो सोडवायला नव्हे! म्हणतो कसा, "तो एकटा खरं काढतो या जिल्ह्यात. तुम्ही गप बसा नाहीतर मी बेल मारतो." शेवटी एकाने अण्णांच्या सदऱ्याची गचांडी धरली. सुनंदाने हातापाया पडून सोडवलं.

डायलिसिसवरून आले की अण्णा बोलत नाहीत कधी. गळून गेलेले असतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. त्या दिवशी मी घरी आलो तर खाटेवर ताठ बसलेले! सदऱ्याची वरची दोन बटणं तुटलेली. 

"अण्णा, हे काय? कोणी मारलं? लागलं का?"

"लागू दे रे! पोरा, तुझ्यासाठी दोघं जण माझ्या अंगावर धावून आले!" चेहरा असा उजळलेला की मला बघवेना, डोळे भरून आले माझे. "शुक्रवारी पुन्हा शिव्या देतो. बघू किती जण उठतात."

* * *

मागच्या पावसाळ्यात मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घ्या म्हणाले. 

टेबलावर एक जाडजूड रजिस्टर. मुख्याध्यापकांनी ते माझ्याकडे सरकवलं. उघडलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आत माझी चित्रं! बकरीपासून कालपर्यंत, नऊ वर्षांची, एकूण एक. तारीखवार कापून, डिंकाने नीट चिकटवलेली. आमच्या घरी एक कागद शिल्लक नाही हो, सगळं बंबात गेलं. आणि इथे संस्थेच्या क्लार्कने माझा अख्खा संसार जपून ठेवलेला!

"आबासाहेबांचा हुकूम आहे," मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले. "हा टोच्या कोण ते शोधायचं. बाहेरच्या माणसाला कशाला विचारायचं, ड्रॉइंगवाला आपल्या घरातच आहे. तुम्ही तज्ज्ञ. रेषा पाहा, हात पाहा आणि दोन दिवसांत रिपोर्ट द्या."

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. टोच्याने टोच्याचा रिपोर्ट लिहायचा! सुनंदा म्हणाली, "लिहा काहीही, पण सोनाळा नको." अण्णा म्हणाले, "त्याला चित्रकला येत नाही असं लिही. तुझ्यावर संशय येणार नाही."

मी लिहिलं. "सदर इसम डावखुरा असावा. त्याने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले दिसत नाही. शरीररचनेचे ज्ञान अत्यल्प. वास्तव्य बहुधा बुलढाणा शहरात."

मुख्याध्यापकांनी वाचलं आणि जोरजोरात मान डोलावली. "अगदी! माझंही हेच मत होतं, पण म्हटलं आपण तज्ज्ञ नाही. रेषेत दमच नाही हो त्याच्या! तुम्ही काढलं असतं ना सर, तर याच्यापेक्षा कितीतरी चांगलं काढलं असतं."

मी "थँक यू" म्हणालो! बाहेर आल्यावर दिवसभर डोकं सणकलेलं. दम नाही म्हणे रेषेत! याला विचारायचं होतं, बकरी पाहून कोण उड्या मारत होतं?

* * *

रिपोर्टवर महिनाभर काहीच झालं नाही. मग एक दिवस मुख्याध्यापक वर्गाच्या दारात आले. आबासाहेबांची नवी कल्पना! शाळेत कार्यशाळा घ्यायची, विषय 'प्रभावी व्यंगचित्र कसे काढावे'. त्या टोच्याला उत्तर देणारे दहा टोच्ये आपल्याच शाळेतून निघाले पाहिजेत. शिकवणार ड्रॉइंग सर. आबासाहेब स्वतः येऊन बसणार. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता.

शुक्रवारी अण्णांची तयारी करून ठेवली होती सुनंदाने. पिशवी, फाइल, पाण्याची बाटली. मी म्हटलं, बारापर्यंत सुटतो, दीडची गाडी मिळते.

हॉलमध्ये फलक लावलेला. नववीची चाळीस पोरं-पोरी खाली सतरंजीवर, पुढ्यात ड्रॉइंगचे कागद. समोरच्या खुर्चीत आबासाहेब, शेजारी मुख्याध्यापक. मी भीतभीतच उभा राहिलो. पण शिकवायला लागलो की माझं भान जातं, हा माझा जुना रोग. एका चित्रात एकच गोष्ट, म्हणालो. लेबलं लावू नका. चार सेकंदांत कळलं नाही तर फाडून टाका. देवाने दिलेल्या व्यंगाला हसू नका, माणूस स्वतः जे करतो त्याला हसा. आणि म्हणालो, "ज्याची खुर्ची मोठी, त्यालाच काढायचं. लहान माणसाला काढायला हिंमत लागत नाही."

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं, हॉलमध्ये सगळ्यात मोठी खुर्ची कोणाची आहे ते. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

आबासाहेब म्हणाले, "बरोबर बोलले सर. मग माझंच काढा. पोरांनो, काढा रे! सर, तुम्हीपण काढा फळ्यावर. पोरांना कळू द्या."

खडू हातात घेतला. आता तुम्हाला आबासाहेबांचं नाक सांगायला पाहिजे. ते मध्यापर्यंत सरळ येतं आणि मग अचानक विचार बदलल्यासारखं खाली वळतं. मला ते डोळे मिटून येतं, हात न उचलता, एका रेषेत. आणि त्या दिवशी तेच काढायचं नव्हतं! मी ठरवलं, कॅलेंडरवर असतो तसा माणूस काढायचा. सरळ धारदार नाक, मोठे डोळे, रुंद कपाळ, गळ्यात हार. काढताना हाताला अक्षरशः आवरून धरावं लागत होतं, तो सारखा वळायला बघायचा. झालं एकदाचं. मागे सरलो. असं भिकार चित्र मी उभ्या जन्मात काढलं नव्हतं.

"वा! हुबेहूब!" मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

आबासाहेब उठले. सावकाश फळ्याजवळ आले. कमरेवर हात ठेवून पाहत राहिले.  डोळ्यांसमोर सोनाळ्याची ऑर्डर, घरी पिशवी घेऊन दारात बसलेले अण्णा, आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा.

आबासाहेबांनी डस्टर उचललं आणि फळ्यावरचं फक्त नाक पुसलं. मग खडू घेऊन माझ्या हातात ठेवला.

"सर, नाक चुकलं. रोज तर एका रेषेत काढता."

मुख्याध्यापकांच्या टाळ्या मध्येच थांबल्या. मी पोरांकडे पाहिलं. चाळीस पोरं खाली मान घालून काढत होती. एकही दचकलं नाही! एकानेही वर पाहिलं नाही!

आबासाहेब परत जाऊन खुर्चीत बसले. खुर्ची थोडी फिरवली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि तोंड एका बाजूला करून नाक नीट माझ्यासमोर धरलं.

"हं, काढा. अन् जरा लवकर करा सर. दीडच्या गाडीनं अण्णांना जालन्याला न्यायचंय ना तुम्हाला?"